हिरव्या ढलप्या

हडपसरला गाडीतळाच्या अलीकडे, सोलापूर रस्त्यापासून थोडं आत, रतन गायकवाडांचा बैठा बंगला आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या अंगणातली पत्र्याची शेड भाड्याने द्यायची ठरवली आणि ती दीक्षा मेश्रामला मिळाली. दीक्षा मूळची भंडाऱ्याची. मगरपट्ट्यात संगणकापुढे बसून बसून ती कंटाळली, नोकरी सोडली आणि फर्निचर करायला लागली. टेबलं, खुर्च्या, पाळणे. हात चांगला होता, मागणीही होती. अडचण होती ती प्लेनरची.

प्लेनर म्हणजे विजेवर चालणारा रंधा. खडबडीत फळी एका बाजूने आत सारायची, दुसऱ्या बाजूने ती गुळगुळीत होऊन बाहेर येते. मधल्या मध्ये तिच्या अंगावरून जे काही निघतं, लांब ढलप्या, पिठासारखा भुसा, ते सगळं यंत्र जोरात हवेत भिरकावून देतं. दीक्षाच्या केसांत जायचं, जेवणाच्या डब्यात जायचं, आणि उरलेलं वाऱ्याबरोबर बंगल्यात.

एका सकाळी रतनकाका चहाचा कप हातात घेऊनच शेडच्या दारात उभे राहिले.

"दीक्षाताई, सागवानाचा चहा उत्तम झालाय. साखर तेवढी कमी पडली."

"सॉरी काका. करते काहीतरी."

"करा ना. शैलाच्या कुरडयांवर लाकडाचा मुलामा चढलाय. तिचं म्हणणं असं, की या महिन्यात भुसा थांबला नाही तर आपण शेड थांबवू."

काकांचा आवाज अजिबात चढला नव्हता. त्याचीच दीक्षाला धास्ती वाटली. प्लेनरच्या आवाजाला 'चालेल' म्हणणारा दुसरा घरमालक अख्ख्या पुण्यात मिळाला नसता.

तिने आधी घरचा व्हॅक्यूम क्लीनर जोडून पाहिला. त्याची नळी अरुंद. पहिल्याच लांब ढलपीला ठसका लागल्यासारखा तो बंद पडला. मग ती शांतपणे विचार करायला बसली. भवानी पेठेतून पत्रा आणून प्लेनरच्या तोंडावर घट्ट बसेल असा टोप बनवला. त्याला हाताचा पंजा आत जाईल एवढा रुंद पाईप लावला, पुढे झाकणाचं पिंप ठेवलं, पलीकडे ओढणारा मोठा पंखा. पिंपात हवा गरगर फिरायची, जड ढलप्या तळाशी बसायच्या आणि बारीक भुसा पुढच्या कापडी पिशवीत जायचा. एकूण एक फट तिने टेपने बुजवली.

यंत्र सुरू करून फळी सारली. फळी बाहेर आली आणि हवेत काहीच उडालं नाही. दीक्षाने टेबलावरून बोट फिरवून पाहिलं. स्वच्छ. तिला एकटीलाच हसू फुटलं.

कुरडया पांढऱ्याशुभ्र वाळल्या. शैलाकाकू त्यातल्या डबाभर घेऊन आल्या.

"तुझं यंत्र नवं झाल्यापासून आमच्याकडे धूळच बसत नाही गं. पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढले, तर ती आधीच चकचकीत."

"अशी कशी?" दीक्षाने विचारलं.

"ते मी कशाला विचारू? माझं काम वाचलं."

पुढच्या आठवड्यात काका खुशीत सांगत आले, की मधल्या खोलीचं दार सुतासारखं चालायला लागलंय. इतकी वर्षं ते खांद्याने ढकलावं लागायचं, आता करंगळीने लागतं. जेवणाचं टेबलही पूर्वीसारखं कोपराला टोचत नव्हतं. मग एका दुपारी ते काठी टेकत आले तेव्हा कमरेत चांगलेच वाकलेले दिसले.

"कंबर दुखतेय का काका?"

"छे. काठी पुरत नाही. माझी उंची वाढली की काय, तेच कळेना."

मागून येणाऱ्या काकू म्हणाल्या, "या वयात वाढायचीच होती तर अक्कल वाढली असती."

तिघंही हसले. दीक्षा जरा उशिरा हसली.

ते दोघे गेल्यावर तिने पिंप रिकामं करायला झाकण उघडलं. सकाळपासून तिने फक्त कोरं सागवान यंत्रातून काढलं होतं. पिंपात मात्र सागवानी ढलप्यांमध्ये हिरव्या ढलप्या होत्या. एका अंगाला जुना तैलरंग, दुसऱ्या अंगाला लाकूड. रंगवलेली फळी ती प्लेनरमध्ये कधीच घालत नसे, पात्याची धार जाते. पाईपमध्ये काही अडकलं होतं असं धरावं, तर पाईप नवा.

दीक्षा घाबरून जाणारी नव्हती. तिने पिंप घासूनपुसून रिकामं केलं, झाकण लावलं, पंख्याचा प्लग काढला. पाईप टोपापासून सोडवून त्याच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. शेडला कुलूप लावलं आणि एक पाळणा पोचवायला टेम्पोबरोबर भोसरीला गेली.

उन्हं कलताना ती परतली. कुलूप जसंच्या तसं. बोळाही तसाच. तिने झाकण उचललं.

पिंप निम्मं भरलं होतं. सगळ्या ढलप्या हिरव्या. वरच्या लांबलचक ढलपीला स्क्रूचं भोक होतं, अगदी सुबक, गोल.

मूठभर ढलप्या घेऊन ती बंगल्यात गेली. काका मधल्या खोलीच्या दारासमोरच उभे होते. दार हिरवं होतं. दीक्षाने एक ढलपी त्यावर धरली. रंग तोच.

काकांनी चष्मा लावला. बराच वेळ ते दाराकडे पाहत राहिले.

पलीकडच्या खोलीत मावळतीचं ऊन आलं होतं. दार बंद होतं. तरी काकांच्या चेहऱ्यावर दारातून आरपार आलेला हिरवट उजेड पडला होता.

"काका, मी सगळं आजच काढून टाकते."

"काढा," ते म्हणाले.

पुढे टोमणा येईल म्हणून दीक्षा थांबली. आला नाही. ती तशीच वळून शेडकडे निघाली.

दिवस मावळायच्या आत तिने पंखा, पाईप, टोप, सगळं सोडवलं. काकूंनीही पदर खोचून मदत केली. पिशवी झटकली, पिंप नळाखाली धुऊन झाकण लावून भिंतीशी ठेवलं. दुसऱ्या सकाळी प्लेनर सुरू झाला आणि भुसा पूर्वीसारखा सगळीकडे उधळला. थोड्या वेळाने काका कप घेऊन आले.

"सागवानाचा?" दीक्षाने भीत भीत विचारलं.

"एकदम. बंद करू नका हां," असं म्हणून त्यांनी तो चहा तळापर्यंत प्यायला.

दीक्षाने त्यांना नवं दार करून दिलं, जाडजूड. ते पहिल्या दिवसापासून अडकायला लागलं. काका आनंदाने खांदा लावून ते ढकलायचे. नवी काठीही जेवढ्यास तेवढी राहिली. पंख्याच्या पात्यांवर धूळ साचली आणि काकूंनी ती कौतुकाने दाखवली. शेड बंद करायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

एका दुपारी काकू शेडमध्ये आल्या त्या मनगट पुढे करून.

"हे बघ. लग्नातल्या पाटल्या. साबण लावूनही निघायच्या नाहीत. आज भांडी घासताना आपोआप गळून पडल्या."

"अरे वा," दीक्षा म्हणाली.

"ह्यांची अंगठीही तशीच. चष्मा तर सारखा नाकावरून घसरतोय. म्हणतात, साखरेचं नवं औषध लागू पडलं." त्यांनी दीक्षाकडे निरखून पाहिलं. "तूही बारीक झालीस गं. जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते काकू."

काकू गेल्या. दीक्षाने प्लेनर बंद केला. मनगटावरचं घड्याळ सरकून पार कोपरापर्यंत गेलं होतं, ते तिने खाली ओढलं. मग ती भिंतीशी ठेवलेल्या पिंपापाशी गेली. त्याला पाईप नव्हता, पंखा नव्हता.

तिने झाकण उचललं. तळाशी फिकट, मऊ पीठ साचलं होतं, पावडरसारखं. लाकडाचा वास अजिबात नव्हता.

तिने त्यात बोट बुडवलं.

ते कोमट होतं.