डोळ्यांचा देवदूत

असुम्ता रिबाल्ताची गाडी बेस्कारोच्या चौकात थांबली, तशी समोरच्या घराची खिडकी धाडकन बंद झाली. आमच्या डोंगरात परक्याचं स्वागत असंच होतं. त्यात ही बार्सेलोनाची खाजगी गुप्तहेर, आणि तिला बोलावणारी रेमेय. मग काय, आगीत तेलच.

रेमेयचं घर चर्चच्या भिंतीला लागून. चर्चची किल्ली सात पिढ्या तिच्या घराण्यात. येत्या रविवारी किल्ली आणि घर, दोन्ही काढून घ्यायचं पंचायतीने ठरवलं होतं.

“चोर म्हणतात मला,” रेमेय म्हणाली. “सत्तरी उलटली माझी. भिंतीवरचा देवदूत काय पदराखाली लपवून नेला?”

आठशे वर्षांपूर्वीचं ते चित्र. सहा पंखांचा देवदूत, पिसापिसावर डोळा. मधल्या मोठ्या घुमटीतलं चित्र मागेच शहरातल्या संग्रहालयात गेलं. लाकडी वेदीमागे झाकलेला हा तेवढा वाचला होता. आता तिथे नुसता गिलावा उरला होता.

“शनिवारी काय झालं, मावशी?” असुम्ताने विचारलं.

“सरपंचाकडे डुक्कर कापलं. सगळा गाव तिथे. एर्मेंगोल सुताराने माझा पेला काही रिकामा होऊ दिला नाही. डोकं गरगरलं, लवकर घरी येऊन पडले. चर्चला कुलूप घालायचं राहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी मांजरं. एर्मेंगोलने वेदीपुढे ताडपत्री बांधलेली. गावभरची मांजरं दोन आठवडे तिच्याखाली नाकं खुपसत होती. झाडू उगारून हात दुखले माझे.”

बाहेर आल्यावर ब्लाय हळूच म्हणाला, “बाई, म्हातारीनेच केलंय.” असुम्ताचा हा सहकारी गाडी उत्तम चालवायचा. डोक्याचा गिअर मात्र उशिरा पडायचा.

गावचे पाद्री मोसेन फ्रुइतोस यांनी बसायलाही सांगितलं नाही.

“साठ वर्षांपूर्वी तुमच्याच शहराने मोठं चित्र नेलं,” ते म्हणाले. “इटलीचे कारागीर होते. चित्रावर सरसाने कापड चिकटवलं आणि अकरा दिवस माझ्या आईच्या हातचं फुकट खाल्लं.”

“अकरा दिवस कशाला?”

“कापड वाळेना. भर ऑगस्टात शेगड्या पेटवल्या तरी. कापड वाळल्याशिवाय त्याला चिकटून रंग भिंतीवरून सुटत नाही. या भिंती दोन हात जाड, खिडक्या म्हणजे नुसत्या फटी. ओल जाणार कुठून?”

“शनिवारी रात्री तुम्ही कुठे होतात?”

“सरपंचाकडे. पहाटेपर्यंत सॉसेज भरत होतो. एर्मेंगोल माझ्या शेजारी होता. नव्हती ती एकटी रेमेय. लिहून घ्या.”

एर्मेंगोल अंगणात एका लांब खोक्याला खिळे ठोकत होता. बाजूला सशांचे पिंजरे होते.

“वेदी किड्यांनी पोखरलीय,” तो वर न बघता म्हणाला. “विषारी धुरी दिली. म्हणून ताडपत्री. कुणाला फिरकू दिलं नाही, फुप्फुसं सडली असती. रविवारी ताडपत्री काढली, तर भिंत नागडी.”

“चर्चमध्ये वेदीपाशी शेगडी दिसली मला.”

“नोव्हेंबर आहे, बाई. हात गारठतात.”

“आणि या खोक्यात?”

“वेदीचे खांब. उद्या दुरुस्तीला बार्सेलोनाला जातील.”

ब्लाय पिंजऱ्यापाशी वाकला. “ससे झकास पाळलेत.”

“खातो मी ते. कातडीसुद्धा वाया घालवत नाही. झालं?”

दुपारी असुम्ताने सगळ्यांना चर्चमध्ये जमवलं. तिने ते खोकंही मागवलं होतं. एर्मेंगोल कुरकुरत घेऊन आला. सरपंच इसिद्रे दारातच उभा राहिला. रविवारपर्यंत थांबायचंही त्याच्या जिवावर आलं होतं. रेमेयची किल्ली त्याच्या खिशात होती.

“पाच मिनिटं,” तो म्हणाला. “मग तुमची गाडी आणि घाट.”

“पुरतील. तुम्ही सगळे विचारताय, शनिवारी रात्री कोण कुठे होतं. प्रश्नच चुकीचा आहे. भर ऑगस्टात अकरा दिवस लागलेलं काम नोव्हेंबरच्या एका रात्रीत होत नाही. हो ना, मोसेन?”

मोसेननी नाइलाजाने मान डोलावली.

“म्हणजे चोराला बरेच दिवस हवे होते, शेगडी हवी होती आणि आडोसा हवा होता. दोन आठवडे या भिंतीपुढे ताडपत्री होती. तिच्यामागे एकच माणूस जात होता.”

“तिथे विष होतं,” एर्मेंगोल म्हणाला.

“मग गावात एक तरी मांजर मेलं का? उलट मिशा चाटत तिथेच बसायची. धुरीकडे मांजर फिरकत नाही, सशाच्या कातड्याच्या सरसाकडे फिरकतं. बाजारचा आणला असतास तर कदाचित वासही आला नसता. पण गावचा सुतार सरस घरीच उकळतो, बापाने शिकवला तसा.”

“मी पहाटेपर्यंत सॉसेज भरत होतो,” एर्मेंगोल उसळला.

“म्हणूनच तर तुला शनिवार हवा होता. चित्र आधीच निघालं होतं. चोरी तेव्हाच झाली असं वाटावं म्हणून दार एक रात्र उघडं राहायला हवं होतं, आणि त्या रात्री तू सगळ्यांसमोर हवा होतास. मावशींचा पेला उगाच नाही भरलास. ब्लाय, खोकं उघड.”

पहिल्यांदाच ब्लायला दोनदा सांगावं लागलं नाही. खांबांच्या मध्ये कडक झालेल्या कापडाची जाड गुंडाळी होती. तिची कड उलगडताच रंगातला एक काळा डोळा दिसला.

एर्मेंगोल थुंकला. “वेदीमागे कुजत होता. तुमच्यापैकी वर्षात कुणी बघितला होता त्याला?”

 ते खरं होतं आणि सगळ्यांना झोंबलं.

“मी,” रेमेय म्हणाली. “दर शनिवारी, तिथलं झाडताना.”

एर्मेंगोलला दोघांनी धरून बाहेर नेलं. इसिद्रेने खिशातून किल्ली काढली आणि खाली बघत रेमेयपुढे धरली. “रेमेय, गावाचं जरा चुकलं.”

रेमेयने किल्ली घेतली. “बाहेर व्हा.”

“अगं, पण चित्राचं आता...”

“सगळे बाहेर. मोसेन, तुम्हीसुद्धा.”

गाव खाली मान घालून बाहेर पडला. रेमेयने गुंडाळी उचलून वेदीच्या दगडावर ठेवली, दार ओढलं आणि कुलूप घालून दोनदा हिसडा देऊन पाहिलं.

“सकाळी सातला उघडेन,” ती म्हणाली. “रोजच्यासारखं. ज्याला बघायचाय त्याने तेव्हा यावं.”