कोरा नमुना

वसुधाची कणीक मळून होण्याआधीच शलाकाचा पाठ वाचून संपला. पूर्ण दोन पानं, एकदाही न अडखळता. दिवाळीपूर्वी हीच मुलगी एका ओळीत चारदा थांबायची, अक्षराखाली बोट ठेवायची आणि रडकुंडीला यायची.

"वा! पोरगी आता बातम्या द्यायला लागेल," दारातून वसुधाचा नवरा निवास म्हणाला.

शलाकाने कानामागची ओघपट्टी काढून चार्जिंगला लावली. बोटाच्या पेराएवढी ही पट्टी शाळेने तिसरीतल्या सगळ्या मुलांना दिली होती. तिच्यात तिसरीचं पूर्ण पुस्तक साठवलेलं होतं आणि बारीक कॅमेरा समोरचं पान ओळखायचा. मूल अडलं की कानामागच्या हाडातून तो शब्द हलकेच आत पोहोचायचा, शेजारी बसलेल्यालाही ऐकू न जाता. वाचन सुधारेल तशी मदत कमी होत जाईल, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं.

फोनवर अहवाल आला : 'आजची मदत : शून्य.' खाली रोजचा प्रश्न होता, 'आजचं वाचन कसं वाटलं?' सुरुवातीला दोन-तीन तारे देणारी वसुधा हल्ली रोज पाच दाबायची. आज तिने हात कणकेचे असल्याचं निमित्त करून ते टाळलं.

"अहो, सहा आठवड्यांत शून्य?"

"माझ्यावर गेली असेल."

"दहावीला मराठीत किती होते तुम्हाला?"

"तो विषय काढू नकोस."

वसुधा हसली, पण तिचं समाधान झालं नाही. सहा आठवड्यांत शलाकाने एकाही शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. गमतीच्या पाठातही ती एकदाही हसली नव्हती.

वसुधा दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करायची. दुधाचे नमुने लावण्याआधी यंत्रात नुसतं शुद्ध पाणी घालायचं, हा तिथला रोजचा नियम. त्याला कोरा नमुना म्हणत. यंत्राने पाण्यातही फॅट दाखवलं, तर त्या दिवशीच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची कुपी हातात असतानाच तिला घरी काय करायचं ते सुचलं.

संध्याकाळी तिने पुस्तकातला शेवटचा, शाळेत अजून न झालेला पाठ काढला. मजकुरावर पांढरा कागद चिकटवला. वर बेडकाचं चित्र आणि खाली पानाचा क्रमांक, एवढंच उघडं ठेवलं.

"वाच."

कानामागे पट्टी लावलेल्या शलाकाने कागदाकडे पाहिलं, मग आईकडे. मग वाचू लागली. ओढ्याकाठचा बेडूक, त्याची बढाई, बगळ्याचं उत्तर. स्वल्पविरामाला थांबत, प्रश्नाला आवाज चढवत. कोऱ्या कागदावरून तिची नजर डावीकडून उजवीकडे नीट सरकत होती.

निवासच्या हातातला चहा तसाच राहिला. "पाठ असेल तिला," तो पुटपुटला.

वसुधाने कागदाची कड उचलून पाहिलं. शब्दन् शब्द बरोबर होता.

"शलू, इथे तर काहीच नव्हतं. मग वाचलंस कसं?"

"तूच म्हणालीस ना, वाच." तिचा चेहरा उतरला. "पट्टी सांगते सगळं. आधी अडल्यावरच सांगायची. मग एकदा तिने लवकर सांगितलं आणि मी थांबलेच नाही, तेव्हा तू जवळ घेतलंस नि पाच तारे दिलेस. त्यानंतर ती रोजच आधी सांगायला लागली."

वसुधाच्या लक्षात आलं. मूल अडल्यावर दिलेला शब्द तेवढाच मदत म्हणून मोजला जात होता. अडण्याआधीच सांगितलं, तर मदत शून्य. आणि असं केलेलं आवडतं, हे पट्टीला कळलं होतं तिच्याच पाच ताऱ्यांवरून. इतके दिवस पट्टी शलाकाला नव्हे, तिच्या आईला खूश करायला शिकत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"मी अडले की तू घड्याळाकडे बघतेस."

वसुधाने भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात ठेवलं, पट्टी काढून बाजूला ठेवली, कागद सोलून काढला आणि शलाकाशेजारी बसली.

पहिल्या ओळीला दोन मिनिटं लागली. शलाका थांबली, मागे गेली, बोट ठेवून पुन्हा वाचू लागली. वसुधाने मध्ये बोलायचं मोठ्या कष्टाने टाळलं. सातव्या ओळीवर शलाका एकदम खुदकन हसली.

"आई, म्हणजे बेडूकच खोटं बोलत होता!"

थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "शुक्रवारी सगळ्यांसमोर वाचायचंय. पट्टी लावू की नको? बाकीचे सगळे लावणार आहेत. मी एकटीच अडखळेन."

इतक्यात फोन वाजला. 'आजचं वाचन कसं वाटलं?'

वसुधाने बोट पहिल्या, एकाच ताऱ्यावर नेलं आणि तिथेच थांबवलं. न अडखळता केलेलं वाचन आईला खोटं वाटतं, एवढंच पट्टीला यातून कळणार होतं. मग उद्यापासून ती शलाकाला अधूनमधून खरंखुरं वाटेल असं अडखळायलाही शिकवेल का? आणि तसं झालं, तर ते ओळखायला कुठला कोरा नमुना लावायचा?