मुठीवरचे दात

ताईने स्कूटर घ्यायचं मनावर घेतलं, त्याला अर्धं कारण बसमधला दांडा होता. छताखालून जाणारा, स्टीलचा. त्यावर शेकडो हातांचा घाम, केसांचं तेल आणि नुकतंच नाक पुसलेल्या बोटांचं काय काय साचलेलं असे. ती तो रुमालातून धरायची आणि उतरल्यावर रुमाल पिशवीच्या वेगळ्या कप्प्यात कोंबायची. बिल्डिंगमधले लोक तिला दातवाल्या ताई म्हणत आणि पाठीमागे हसत. दिवसभर लोकांचे दात हाताळणाऱ्या बाईचे हे नखरे त्यांच्या डोक्यावरून जात.

ताईच्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. तिथे जबड्यांचे ठसे औषधाच्या पाण्यातून निघून, कोरडे ठणठणीत होऊन तिच्या टेबलावर येत. ती त्यांत प्लास्टर ओतायची. प्लास्टरच्या तोंडाला वास नसतो, त्यातून लाळ गळत नाही. खऱ्या तोंडाची मात्र तिला मनापासून किळस होती, आणि हे तिने वीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे बाबा.

सहा महिन्यांपूर्वी बाबांची उजवी बाजू गेली. हात ओंडक्यासारखा पडून असे. चिमटा काढला तरी त्यांना कळत नसे. बोलणं गेलं. ओठाचा उजवा कोपरा कायमचा ओघळला. दुपारी कुणीतरी घरी येऊन भरवायला हवं, आणि कुणीतरी म्हणजे ताईच. भरवताना ती त्यांच्या कपाळाकडे बघायची. तोंड पुसताना श्वास रोखून धरायची, आणि मग त्या रोखलेल्या श्वासाची तिची तिलाच लाज वाटायची. बस कधी वेळेवर यायची, कधी यायचीच नाही. एकदा उशीर झाला आणि बाबा पाण्याचा पेला घेण्याच्या नादात पलंगाखाली पडलेले सापडले.

त्या रविवारी धाकटा भाऊ आला. चहाचा कप हातात घेऊन बाबांच्या पलंगाजवळच उभा राहिला.

"ताई, महिनाभर बघू," तो म्हणाला. "तुला रोज दुपारी वेळेवर पोचणं जमलं तर बाबा इथेच. नाही जमलं तर मी एका संस्थेत जागा बघून ठेवलीय. तिथे निदान चोवीस तास माणूस असतं."

"हळू बोल. त्यांना ऐकू येतं."

"ऐकू येऊ दे की. लपवण्यासारखं काय आहे?"

बाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. ताईने ते पुसलं, आणि दुसऱ्याच दिवशी स्कूटरच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

वस्तू घेताना ताई कुणाच्या बापाचं ऐकत नसे. तिने वहीत तीन रकाने आखले. पहिल्या स्कूटरची बॅटरी आतच बसवलेली होती. ती चार्ज करायला खाली पार्किंगमध्ये वायर ओढावी लागली असती, आणि बिल्डिंगच्या सेक्रेटरीने वायरचं नाव काढताच मान हलवली होती. दुसरीची बॅटरी काढून घरी नेता येत होती, पण ती बारा किलोची, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि ताईच्या कंबरेचे आधीच तीन तेरा वाजलेले. तिसरी सगळ्यांत स्वस्त होती, कारण ती बॅटरीशिवायच विकत. रस्त्याच्या कोपऱ्यावर बॅटऱ्यांचं कपाट असे. आपली संपलेली बॅटरी त्यात सरकवायची, दुसरा एखादा कप्पा उघडे, त्यातली भरलेली उचलून चालू लागायचं.

"म्हणजे दुसऱ्याने वापरलेली?" ताईने विचारलं.

"सगळेच वापरतात हो," विक्रेता म्हणाला. "बॅटरी तुमची नाही, म्हणून तिची काळजीही तुमची नाही. उलट सुखच आहे."

ताईने पिशवीतला रुमाल चाचपला. पण दुपारचं घड्याळ तिच्या डोक्यात वाजत होतं. तिने तिसरी घेतली.

पहिला आठवडा मजेत गेला. लॅबमधून घर अकरा मिनिटांवर आलं. ना दांडा, ना कुणाची कोपरं, ना मानेवर कुणाचा श्वास. औषधांच्या दुकानाशेजारच्या त्या कपाटातून ती एक दिवसाआड बॅटरी बदलायची आणि बॅटरी उचलायची मूठ आधी ओल्या कागदाने पुसून घ्यायची. मूठ चपटी होती, तळहाताएवढी रुंद, वरून जाड काळं रबर.

दुसऱ्या सोमवारी मूठ आधीच ओली होती.

पाऊस नव्हता. कपाट छपराखाली, कप्पा बंद. ओल चिकट होती. बोट उचललं तर तार यायची. ताईने बोट नाकाशी नेलं आणि तिथेच पस्तावली. दूध नासून त्यावर दिवस गेल्यावर येतो तसला आंबूस वास. तिने अर्धी बाटली पाणी हातावर ओतलं, मूठ चार वेळा पुसली. पुसताना रबरात खालच्या बाजूला दोन बारीक खाचा लागल्या. शेजारी शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढ्या.

कुणाच्या तरी लेकराने चावलं असेल, तिने स्वतःशी म्हटलं. आईबापांना काही शिस्त नाही. आणि ती बाबांना भरवायला गेली.

बुधवारी दुसऱ्या कप्प्यातली दुसरी बॅटरी आली. नंबर वेगळा, रबर नवं. मूठ ओली. खाली दोन खाचा आणि वर दोन.

शुक्रवारी आठ होत्या.

आता ताईचा धंदाच असा होता, की तिला हसायलाही आलं नाही आणि दुर्लक्षही करता आलं नाही. बाळाला आधी खालचे दोन दात येतात, मग वरचे दोन, मग त्यांच्या शेजारचे. हा क्रम तिला झोपेतही पाठ होता. फक्त त्याला वर्ष लागतं. इथे पाच दिवस झाले होते. शिवाय बॅटरी दर वेळी वेगळी, आणि चावा त्याच जबड्याचा. वरचा डावा पुढचा दात किंचित तिरका, दर वेळी तसाच तिरका.

तिने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, खराब बॅटरी कपाट आत घेतच नाही," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही फोटो पाठवा."

काळ्या रबरावरच्या काळ्या खाचा. फोटोत डांबराचा गोळा दिसला. मुलीने तसं कळवलं आणि तक्रार बंद केली.

स्कूटर सोडणं ताईला शक्य नव्हतं. भावाचा महिना संपायला दोन आठवडे होते. ती रबरी हातमोजे घालू लागली. हातमोज्यातूनही ते कोमट लागायचं. ते गार असतं तर तिने सहन केलं असतं. हे आत्ताच तोंडातून काढल्यासारखं ऊनऊन होतं. एकदा ती कपाटाशेजारच्या गटारात ओकली. त्याच आठवड्यात आणखी चार खाचा वाढल्या, कडेला, रुंद. पहिल्या दाढा. मग चार सुळे. मग मागच्या दाढा. एकूण वीस. दुधाच्या दातांची भरती पुरी झाली.

फोटोत दिसत नसेल तर हातात देता येईल असा पुरावा हवा, असं तिने ठरवलं. लॅबचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, बाहेरची चीज आत आणू देत नसत. म्हणून त्या गुरुवारी संध्याकाळी तिने ती बॅटरी, तीही बारा किलोचीच, तीन मजले चढवून घरी आणली. जे टाळायला ही स्कूटर घेतली, तेच नेमकं करत होती. दर मजल्यावर थांबून स्वतःला शिव्या घातल्या. मग पलंगासमोरच्या टेबलावर बॅटरी आडवी ठेवली, पांढरं प्लास्टर कालवलं आणि मुठीच्या दोन्ही अंगांच्या खाचांत भरलं. बाबा उशीवरून बघत होते.

"ठसा घेतेय, बाबा," ती म्हणाली. "कंपनीच्या तोंडावर मारायला."

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते टेबलाखाली बघत होते.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं आणि मग गार पडतं. हे सकाळपर्यंत कोमटच राहिलं. तिने ते चिमट्याने सोडवलं. वीस छोटे पांढरे दात, दोन कमानींत, अगदी नीट. बॅटरी तिने कामावर जाताना कपाटात परत सरकवली. नवी बॅटरी बाहेर आली, तिची मूठ कोरडी होती. त्या सोमवारपासून पहिल्यांदाच.

मास्तरांचं आयुष्य दातांत गेलं होतं. त्यांनी ठसा हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला.

"छान आहेत. कुणाचं लेकरू?"

"ओळखीतलं आहे."

"किती वर्षांचं?"

 मास्तरांनी अंगठ्याचं नख दातांच्या कडांवरून फिरवलं, परत फिरवलं.

"गंमत आहे," ते म्हणाले. "दात सगळे आलेत, पण कड जराही झिजलेली नाही. पावाचा तुकडा खाल्ला तरी थोडी झीज होते. ह्याने अजून काही खाल्लेलंच नाही."

ताईने ठसा कागदात गुंडाळला आणि घरी जाताना मोठ्या कचराकुंडीत टाकला. टाकल्यावर हात तीनदा धुतले.

त्यानंतर मूठ पुन्हा कधी ओली लागली नाही. रविवारी नाही, मंगळवारी नाही. रबर गुळगुळीत. तक्रार बंद केली म्हणून काय झालं, कुणीतरी वर वाचली असणार, असं तिने मानलं. आपली निवड चुकली नव्हती याचा तिला फार आनंद झाला. एवढ्या स्वस्तात अशी स्कूटर मिळत नाही, असं तिने शेजारच्या काकूंना दोनदा सांगितलं.

घरातही बरं चाललं होतं. बाबांची भूक वाढली. दुधात भिजवलेला पाव ती बशीत कालवून ठेवायची, पाणी आणायला आत जायची आणि परत येईपर्यंत बशी चाटूनपुसून साफ. डाव्या हाताने खाऊ लागले, तिला वाटलं. तिने त्यांचं कौतुक केलं. बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या ओठांना दूध लागलेलं नव्हतं.

पलंगाची उजवी कड मात्र रोज ओली असे. चिकट, आंबूस. बाबांची लाळ, दुसरं काय असणार. ताई श्वास रोखून चादर बदलायची. निर्जीव उजवा हात रोज दुपारी पलंगाखाली लोंबकळत असायचा, आणि ती तो उचलून पांघरुणात ठेवायची. तो हात आपणहून हलत नाही हे तिला ठाऊक होतं. पण ती तो हात फार वेळ धरत नसे, त्याकडे बघतही नसे. तो ओला असायचा.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी भाऊ आला. घर बघितलं, बाबांना बघितलं, साफ झालेली बशी बघितली.

"सगळं संपवतात की," तो म्हणाला. "ताई, मानलं तुला. राहू दे त्यांना इथेच."

बाबांनी डावा हात उचलला आणि भावाची बाही धरली. सोडेनात. घशातून एकच आवाज येत होता, तोच तोच.

"आनंद झालाय त्यांना," भाऊ हसून म्हणाला.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस ज्याला श्वास रोखून पुसलं त्या बापाचं प्रेम आता तिला आठवलं, आणि तिने ठरवलं की आज यांना आपण स्वतः, नीट, किळस न करता पुसून काढायचं. तिने कोमट पाण्याचं भांडं आणलं. कपाळ पुसलं, गाल पुसले, ओघळता ओठ पुसला. श्वास रोखला नाही.

मग तिने पांघरुणातून उजवा हात काढला.

करंगळीखालचा मांसल भाग जवळजवळ उरला नव्हता. रक्त नव्हतं. जखमा स्वच्छ होत्या, चाटून ठेवल्यासारख्या. तळहाताच्या एका अंगाला एक कमान, दुसऱ्या अंगाला दुसरी. वरचा डावा पुढचा दात किंचित तिरका.

बाबांना काही कळलं नव्हतं. त्या हाताला कळत नसे.

आत भाऊ चहा टाकत होता, साखर कुठे आहे म्हणून विचारत होता.

ताईने मोजलं. तिची नजर आपोआप मोजायची. वीस. आणि वीसच्या मागे, दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, आणखी एकेक रुंद नवी दाढ. सहाव्या वर्षी येते ती, पडण्यासाठी नव्हे, कायमची.

पुढच्या दातांच्या कडा झिजायला लागल्या होत्या.