व्हळ की होळे

गुडघाभर पाण्यात उभी राहून मोजपट्टी वाचणारी मुलगी भरमूनं आधी कधी पाहिली नव्हती. तिनं पट्टी उलटी धरली होती, हेही त्यानं पाहिलं... पण बोलला नाही. पहिल्याच भेटीत चूक काढणं बरं दिसत नाही.

"याला काय म्हणता तुम्ही?" तिनं विचारलं.

"व्हळ."

तिनं लिहून घेतलं. पावसाची भुरभुर, गालाला चिकटलेली बट, दातात धरलेलं पेनाचं टोपण – भरमूनं सगळं बारकाईनं पाहिलं. काय लिहिलं, तेवढंच पाहायचं राहिलं.

पारमिता निपाणीची. राज्यातल्या अजून मोकळ्या, देखण्या वाहणाऱ्या नद्या जपायच्या म्हणून कर्नाटक सरकार यादी करत होतं, आणि तिच्या वाट्याला खानापूर तालुका आला होता. यादीत आलेल्या पाण्याच्या काठाला कुणी हात लावायचा नाही. हे पाणी अजून यादीत नव्हतं, आणि त्याच्या वरच्या अंगाला खडी क्रशर येणार होता. त्याचा अर्ज तयारच होता.

भरमू पाच दिवस बेळगावात नोकरी करायचा आणि शनिवारी घरच्या भातशेतीला यायचा. आता पारमिताही दर शनिवारी येऊ लागली. प्रश्न फार.

"ही झाडं एवढी वाकलीत का?"

"पाणी बघत्यात."

"असं लिहू?"

"लिवा की. सरकारलाबी कायतरी नवीन कळंल."

ती खालमानेनं हसली. तेही त्यानं पाहिलं.

चौथ्या शनिवारी तिनं भरलेला कागद वाचायला दिला. नावापुढं कन्नडात लिहिलं होतं – होळे. म्हणजे नदी. निपाणीकडं अशा पाण्याला वढा म्हणतात. व्हळ हा शब्द तिच्या कानावर कधी पडलाच नव्हता, आणि सहा वर्षं सरकारी खात्यात कन्नड ऐकलेल्या कानांनी तो होळे असा ऐकला होता. एका ओढ्याला परीक्षा न देता बढती मिळाली होती.

भरमू गप्प बसला तर पाणी वाचत होतं. पण कागदाखाली सही तिची होती.

"मॅडम... ही नदी न्हाय. व्हळ म्हंजे वढा."

तिनं कागद त्याच्या हातून परत घेतला.

"आज सांगताय? सोमवारी कागद जाणार."

"म्हणूनच."

"आणि क्रशर आला तर?"

"तितं मी आडवा पडीन. खोट्या कागदात तुमी अडकलासा तर... मला आडवंबी पडता यायचं न्हाय."

पारमितानं होळे खोडलं, आणि नियमांचा कागद काढून पुन्हा वाचला. दोनदा.

"नदी किती रुंद हवी, हे कुठंच नाही. काठ शाबूत हवा, बांध नको, पाणी बारमाही हवं. मग ओढाही बसतो की! फक्त बारा महिने मोजून दाखवावं लागेल. तोवर क्रशरचा अर्ज थांबतो."

"बारा म्हयने?"

"दर शनिवारी. का, चालणार नाही?"

"मे म्हयन्यात ऊन लई असतंय. टोपी आणा, एवढंच."

ती पट्टी पुसत होती. त्यानं पाण्याकडं बघत हळूच विचारलं, "आन् वरीस संपल्यावर?"

"मग मोजायला काही उरणार नाही," ती म्हणाली. "तेव्हा... नुसतीच येईन. घरी सांगून ठेवा."

"आई चार शनिवार झालं, घरी कवा आणतोस, हेच विचारालीय."