आईची वीट

तो दारात उभा राहिला तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता, आणि रेनकोट त्याने विटांना घातला होता. स्वतः नखशिखांत भिजलेला.

"सहा आहेत," तो म्हणाला. "जरा... जपून फोडा."

प्रयोगशाळेत विटा दाबून फोडायच्या, हे माझं काम. तो आर्किटेक्ट. पुरात घरं गेलेल्या चाळीस कुटुंबांसाठी तिथल्याच मातीत थोडं सिमेंट मिसळून केलेल्या, न भाजलेल्या विटांची स्वस्त घरं बांधत होता. त्यातलं एक माझ्या आईचं. दोन वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो आणि तिचा खोकला काही हटत नव्हता.

त्याच्या प्रत्येक विटेवर अंगठ्याचा ठसा असायचा. ओळख राहावी म्हणून, असं म्हणाला. कुणाची, विटेची की तुमची, असं मी विचारल्यावर कानापर्यंत लाल झाला. मग दर आठवड्याला यायला लागला. विटा पास होत गेल्या, आमचं 'अहो' गळून पडलं. मशीनचा काटा चढायचा आणि हा वेडा माझ्याकडेच बघत बसायचा...

शेवटच्या तपासणीच्या विटा आम्ही स्वतः जागेवरून उचलतो. मी आईच्याच घरापुढच्या ढिगातून उचलल्या. सहाच्या सहा निम्म्या दाबाला भुगा झाल्या. एकीवरही ठसा नव्हता.

"तू आणायचास त्या कुणी केलेल्या?"

"मीच. माती चाळून, महिनाभर पाणी मारून." तो खाली बघत राहिला. "तुझ्याकडे यायचं असायचं ना... कशीतरी वीट घेऊन कसा येणार?"

वस्तीवर मात्र पुढच्या पावसाआधी छप्पर हवं म्हणून आठच दिवसांत विटा भिंतीत जात होत्या. आपल्या पास झाल्या म्हणजे त्याही होतील, असं तो धरून चालला होता. इतका मूर्खपणा करूनही तो मला आवडत होता, याचाच मला जास्त राग आला.

मी 'नापास' लिहिलं. ते बदल, असं तो एकदाही म्हणाला नाही. घरोघरी जाऊन त्याने चूक सांगितली, शिव्या खाल्ल्या, भिंती उतरवल्या. आई म्हणाली, "बरे दिवे लावलेस," आणि माझ्याशी बोलायची थांबली.

तो पावसाळा तिला निघाला नाही.

ती गेल्यावर बारा दिवसांनी तो आला. सहा ओबडधोबड विटा, प्रत्येकीवर वेगळा अंगठा. वस्तीतल्या माणसांनीच केलेल्या, महिनाभर पाणी दिलेल्या.

एक त्याने बाजूला काढली. "ही तुझ्या आईची. तुला सांगू नको म्हणाली होती. म्हणाली, लेकीला आधी हीच फोडायला लाव."

ठशावर मी माझा अंगठा ठेवून पाहिला. मग वीट मशीनमध्ये ठेवली. काटा चढत गेला. या खेपेला त्याची नजर काट्यावरून हलत नव्हती, आणि मी त्याच्याकडे बघत होते.

"पुढे गेला," तो कसाबसा म्हणाला. "पास आहे."

काम संपलं नव्हतं, वीट फुटेपर्यंत दाब द्यायचा असतो. माझा हात उठेना. त्याने माझ्या हातावर हात ठेवला, आणि आम्ही दोघांनी मिळून ती फोडली.