कापूस दाबायले जाड माणूस

मारेगावच्या मेडिकलात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मोनाली काउंटरवर कोपरं टेकून जांभया देत होती, तेवढ्यात दारातला उजेडच गेला. दार भरून संघदीप उभा होता, बसस्टँडवरचा झेरॉक्सवाला. पोटावरचं बटन बिचारं कसंबसं तग धरून होतं.

"लिथियम द्या," तो म्हणाला. "थोडंसंच..."

चिठ्ठी नव्हती. होती फक्त मोबाइलवरची बातमी. उंदरांना तेलकट चारून फुगवलं, मग पळवलं, काहींना सोबत इवलंसं लिथियम दिलं, तं त्यांचे मेंदू चांगले राहिले म्हणे.

"मंग तुमी उंदीर हाये का?" मोनालीनं विचारलं.

तो हसला नाही. हळूच सांगू लागला. त्याचे बाबाही असेच जाड होते, आणि शेवटी शेवटी त्याच्या आईलाच विचारत, बाई, तुम्ही कोणाच्या? तेव्हापासून घरात लग्नाचा विषय निघाला की संघदीप ताटावरून उठायचा. उद्या आपणही आपल्या माणसाला असंच विचारलं तर...

मोनालीची गंमत तिथंच विरली. तिनं त्याला नीट समजावलं. हे मनाच्या आजारावरचं औषध, रक्त तपासून डॉक्टरच देतात, उगाच घेतलं तर किडनी बिघडते. आणि उंदरांचं माणसाला लागू पडतंच असं नाही. व्यायाम मात्र करा, त्यानं नुकसान नाही. तो म्हणे, पळायला गेलो की पोरं मागून शिट्ट्या मारतात.

मोनालीच्या डोळ्यांत खोडी चमकली. त्या साली कापसाचा भाव असा पडला होता, की जो तो कापूस घरातच धरून बसलेला. तिच्या बाबांच्या, देवरावांच्या, बैठकीत पार आढ्यापर्यंत ढीग. घरादाराच्या अंगाला खाज. रोजची वेचणी आली, की ढिगावर चढून तुडवावं लागे, नाहीतर कापूस रस्त्यावर यायचा. आणि या कामाला जाड माणसाइतका मान कोणालाच नाही.

"संध्याकाळी घरी या," ती म्हणाली. "तुमचं वजन आमाले पाहिजे."

आजवर त्याचं वजन कोणालाच पाहिजे नव्हतं. तो गेला.

देवरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खूश होऊन जयभीम घातला. संघदीप ढिगावर चढला, तो मांडीपर्यंत रुतला. मोनाली खालून टोपल्या देई, चिडवी, दमला का म्हणून विचारी. तो घामाघूम होऊन तुडवी. उतरला की त्याच्या केसांतला कापूस ती वेचून काढी... आणि तिची बोटं कानापाशी जरा जास्तच रेंगाळत. मग तो न बोलावताच रोज येऊ लागला. शर्ट ढिला झाला, दम लागेनासा झाला, तोंड मात्र उघडेना.

एका संध्याकाळी देवरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तू हलका झाला रे बाप्पा. कापूस दबून नाही राह्यला. उद्यापासून भीमराजले बोलावतो. त्याचं पोट पाह्य एकदा."

संघदीप अंगणात आला. मोनाली पाण्याचा गिलास घेऊन मागोमाग.

"तुमी दवाई देली नाही," तो म्हणाला, "हे लय बरं केलं. तुमचे उपकार..."

"नुसते उपकारच?"

तो गिलासात पाहत राहिला. "मोनाली... उद्या मी तुले विसरलो तं?"

"नाही विसरणार, असं मी लिहून नाही देत. पण आज तं आठवते ना मी?"

"आज तं... दिवसभर तूच आठवते."

"मंग आजच बोल ना. तिकडे, बाबापाशी."

तो आत गेला, देवरावांपुढे हात जोडून उभा राहिला. म्हणाला, कापूस दाबायले भीमराजच येऊ द्या, पण मले तुमच्या घरी जन्मभर येवाचं हाये. मोनाली दारातच ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

देवराव कापसात बसून खो खो हसले.

"भीमराज कायचा येते, तो तं तिकडे दूर पुसदले राह्यते. तू बोलूनच नाही राह्यला, मंग काय करू?"

संघदीप त्यांच्या पाया पडायला वाकला. पोट आडवं आलं नाही, बोटं थेट पावलांना लागली. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला, कारण डोळे भरले होते आणि ते मोनालीला दिसायला नको होते. तिला दिसलेच.