खाणवाडीचा जबाब

द्वारकेच्या चौकात माल उतरवणाऱ्या ट्रकांच्या मागून एक खडीचा रस्ता निघायचा. गॅरेजं संपली, टायरवाल्यांची दुकानं संपली, की तो डावीकडे वळून एका जुन्या दगडखाणीपाशी थांबायचा. तिथं खाणवाडी होती. नाशकात जन्म काढलेल्या माणसालाही ती माहीत नसायची.

भिमाजीला याचा फार राग यायचा. तो पाटबंधारे खात्यात ट्रेसर होता. धरणांचे, पाटांचे नकाशे उतरवून घ्यायचं काम; त्यामुळे बोलणंसुद्धा मोजूनमापून. पण खाणवाडीचा विषय निघाला की त्याची मान ताठ व्हायची. बहात्तरच्या दुष्काळात सिन्नर, येवल्याकडून आलेल्या माणसांनी ही वस्ती खाणीतला टाकाऊ दगड रचून उभी केली होती. इंजिनिअर नाही, ठेकेदार नाही, तरी गल्ल्या दोरी धरल्यासारख्या सरळ. एका टोकाला छोटं विहार, दुसऱ्या टोकाला माळ्यांची चार घरं, त्यांच्या परसात मेथी नि झेंडू. चौऱ्याहत्तर घरं होती, आणि अकरा पावसाळ्यांत एकाही उंबऱ्याच्या आत पाणी शिरलं नव्हतं.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये कचेरीचा कागद आला. वस्त्यांची पाहणी होणार होती. दहा वर्षांहून जुनी ठरेल ती वस्ती कायम होईल, तिला नळ आणि दिवे मिळतील. बाकीच्यांना जागा सोडावी लागेल. दोन गोष्टी हव्या होत्या. घरांचा नकाशा, आणि सर्वांत जुन्या रहिवाशाचा जबाब. नकाशा भिमाजी काढणार होता. जबाब त्याची आई अंबूबाई देणार होती, कारण खाणीवर पहिला दगड तिनं आणि आता हयात नसलेल्या तिच्या नवऱ्यानं ठेवला होता. त्या वेळी भिमाजी औरंगाबादला वसतिगृहात शिकत होता.

टेप आणि वही घेऊन तो घरोघर निघाला. कधी आलात, कुठून आलात, तेव्हा कोण होतं, एवढंच विचारायचं.

ट्रकवर हमाली करणारा मोतीराम म्हणाला, "त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आलो, भाऊ. पहिल्या दिवशी साळूबाईनं चूल मांडून दिली. नायतर पोरं उपाशी निजली असती."

भाजी विकणारी मालनबाई म्हणाली, "खाणीत उत्तरेच्या कपारीला झरा हाय, हे आमाला कोण सांगणार व्हतं? साळूबाईनं बोट धरून नेलं."

भिमाजीनं वहीत नाव लिहिलं. पुढच्या घरी पुन्हा लिहिलं. दुपारपर्यंत ते एकवीस वेळा झालं.

"राहते कुठं ही?" त्यानं मालनबाईला विचारलं.

"हे काय, विहाराकडच्या अंगाला."

विहाराकडचे लोक म्हणाले, माळ्यांच्या घरांकडे. उत्तर देताना कुणीही अडखळलं नाही.

वर्णन सगळ्यांचं एकच होतं. हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, आणि कोपरापर्यंत दगडाच्या भुकटीनं पांढरे झालेले हात. वय चाळिशीचं. त्र्याहत्तरला आलेल्या मोतीरामनं चाळिशीचं सांगितलं. शेजारच्या गोटीरामच्या, गेल्या दिवाळीत लग्न होऊन आलेल्या सुनेनंही चाळिशीचंच सांगितलं.

एकाच नावाच्या दोघीतिघी असतील, असं भिमाजीनं स्वतःला समजावलं. संध्याकाळी नकाशा पुरा झाला. चौऱ्याहत्तर चौकोन, प्रत्येकात कुटुंबप्रमुखाचं नाव. साळूबाईचा चौकोन कुठंच नव्हता.

अंबूबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण खडा तिच्या बोटांना कळायचा.

"आई, खाणवाडीत पहिली तूच आलीस ना?"

"मीच. कुणालाबी इचार."

"मग साळूबाई?"

"ती व्हतीच."

"होतीच म्हणजे? तू पहिली ना?"

अंबूबाईचे हात थांबले. "आमी दगड रचत व्हतो. ती आली नि म्हनली, उंबरा हिकडं नको, पावसाचं पानी त्या अंगानं येतं. आमी उंबरा फिरवला. मंग जो आला त्याला तीच सांगत गेली." तिनं एक खडा बाजूला टाकला. "लय दिस दिसली नाय. तुला कशाला पायजे?"

भिमाजीनं वही मिटली. घरात ओल्या दगडाचा वास येत होता. बाहेर चैत्राचं ऊन तापलं होतं.

पाहणी बुधवारी ठरली होती. मंगळवारी त्यानं रजा टाकली आणि आईला त्या एकाच दिवसापुरत्या भरलेल्या डोळ्यांच्या शिबिरात नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन लगेच झालं. हिरवी पट्टी बांधलेल्या आईला रिक्षातून घेऊन तो चारला परतला, तेव्हा वस्तीच्या प्रत्येक दारावर पांढऱ्या रंगात नवा आकडा होता.

पाहणीचे साहेब एक दिवस आधीच येऊन गेले होते. दुपारी दोनला. पुरुष ट्रकांवर, बाया कांद्याच्या वखारीत. त्याची बायको रंगूबाईसुद्धा मुलीला घेऊन माहेरी गेलेली. वस्तीत जबाब द्यायला कुणीही नव्हतं.

अकरा वर्षांची वस्ती एका दुपारी हातची गेली, असं भिमाजीला वाटलं. अंबूबाई मात्र शांत होती. "माझं नाव लागंल ना रे सरकारात?" एवढंच तिनं विचारलं. जन्मात कुठल्या कागदावर तिचं नाव आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो नकाशा घेऊन कचेरीत गेला. आईचा जबाब आता तरी घ्या, अशी विनवणी करायची म्हणून. साहेब उठून उभेच राहिले.

"या, या. तुमची खाणवाडी कायम झाली. शिफारस गेलीसुद्धा."

"पण साहेब, जबाब?"

"झाला की. काय बाई आहे हो तुमच्याकडं! मी एवढ्या वस्त्या फिरलो, पण अशी कुणी आपली वस्ती सांगितली नाही. कुठला दगड कुणी आणला, कुठल्या घरात कोण जन्मलं, घर अन् घर, माणूस अन् माणूस. आमचा कारकून लिहून दमला. अभिमान वाटावा अशी वस्ती आहे तुमची."

भिमाजीची मान ताठ झाली. मग त्यानं विचारलं, "नाव काय सांगितलं तिनं?"

"साळूबाई. राहणार खाणवाडी." साहेबांनी फाइल उलटी करून त्याच्यापुढे धरली. "अंगठा तेवढा नीट उठला नाही. हाताला भुकटी होती, शाई धरेना."

जबाबाखाली शाईचा निळा डाग होता. डागाच्या मधोमध अंगठ्याएवढी कोरी जागा होती. तिच्यावर एकही रेघ नव्हती.

जबाबाची आणि यादीची नक्कल त्याला मिळाली. ती त्यानं वाटेत उघडली नाही.

वस्तीत बातमी आधीच पोचली होती. विहारावर नवा निळा झेंडा चढला होता. मोतीराम हलगी बडवत होता. मालनबाईनं झेंडूची माळ भिमाजीच्या गळ्यात घातली. पोरं दारांवरचे आकडे मोठ्यानं वाचत धावत होती. ज्या रिक्षावाल्यांना खाणवाडी माहीत नव्हती त्यांनाच बोलावून चहा पाजला जात होता. भिमाजीनं सगळ्यांना जय भीम केला, हसला, आणि घरी येऊन यादी उघडली.

पहिलं घर त्याचंच.

भिमाजी. पत्नी रंगूबाई. मुलगी एक. एकूण माणसं तीन.

त्यानं पुन्हा वाचलं. तीनच.

मग त्यानं बोट खाली खाली नेलं. मोतीरामच्या घरची सात बरोबर. मालनबाईच्या घरची पाच बरोबर. कुठंही चूक नव्हती. चौऱ्याहत्तरावं घर संपलं.

खाली आणखी एक ओळ होती.

घर पंचाहत्तर. अंबूबाई. साळूबाई. एकूण माणसं दोन.

"भिमा," दारातून अंबूबाईनं हाक मारली. हिरवी पट्टी उन्हात चमकत होती, चेहरा आनंदानं फुलला होता. "आलं का रे माझं नाव?"

"आलं, आई."

"कुठं? दाव."

त्यानं तिचं बोट धरून त्या शेवटच्या ओळीवर ठेवलं. तिनं अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग ते आणखी पुढं सरकलं.

"आन् हे माझ्या शेजारी," तिनं विचारलं, "ह्ये कुनाचं?"